सालवनातील पायवाट

उरला हा रायपूरलगतचा, पोलाद कारखान्यांचा औद्योगिक परिसर. येथून मोटारीने निघालेला प्रवासी धमतरी, कांकेर आणि केशकालचा वळणावळणाचा घाट मागे टाकून सुमारे ३०० किलोमीटरवरील जगदलपूरला पोहोचतो. तेथून जवळच कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९८२ मध्ये घोषित झाले. साल आणि साग हे दोन्ही वृक्ष येथे आढळतात.

धावत्या वाहनातून हे अरण्य केवळ हिरव्या भिंतीसारखे भासते. वाहन थांबवून वाटाड्यासोबत थोडे पायी चालले, की वाळलेला पाचोळा, वारुळे आणि सालाची वीतभर रोपे दिसू लागतात. ही रोपे म्हणजेच वनाचे भवितव्य होय.

सालाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर पिकते आणि पंखांसारख्या पात्यांमुळे भिरभिरत खाली येते. मात्र त्याची रुजण्याची शक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. तेवढ्यात ओल मिळाली नाही, तर ते वाया जाते. म्हणूनच सागाची लागवड करता येते; तोडलेले सालवन पुन्हा उभे करणे मात्र अतिशय कठीण असते.

अरण्याची हानी केवळ कुऱ्हाडीनेच होते असे नाही. कॅलिफोर्नियातील ‘हायपेरियन’ हा रेडवुड वृक्ष ११५ मीटरांहून उंच आहे. त्याला पाहण्यासाठी येणाऱ्यांच्या पायांखाली भोवतालची नेचे नाहीशी झाली. अखेर २०२२ मध्ये तो परिसर पर्यटकांसाठी बंद असल्याचे जाहीर करावे लागले. एवढ्या प्रचंड वृक्षाच्या परिसराची ही स्थिती, तर वीतभर रोपाची काय कथा! म्हणून वनात आखलेल्या पायवाटेवरूनच चालणे, हे प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य ठरते.