कमी पटाच्या शाळा : बंद करण्यास विरोध कशासाठी?

कमी पटाच्या प्राथमिक शाळांचे भवितव्य हा महाराष्ट्रात वारंवार वादाचा विषय ठरला आहे. २०१७ मध्ये शिक्षण विभागाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांतील विद्यार्थ्यांना नजीकच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविण्यात आले. त्या वेळी वीसपर्यंत पटाच्या १४,७८३ शाळांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती.

मोजकीच मुले असली की खेळ, स्पर्धा आणि सोबतीने शिकणे होत नाही, तसेच एकाच शिक्षकाला अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात, असा एकत्रीकरणाच्या बाजूने युक्तिवाद केला जातो.

अंतराचा प्रश्न

विरोधकांचा मुद्दा अंतराचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी लागते. डोंगरी पाड्यांवर पावसाळ्यात ओढे ओलांडावे लागतात. शाळा दूर गेली की मुलींचे शिक्षण आधी थांबते, अशी पालकांना भीती वाटते. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीच्या मुलांनी नाशिक जिल्हा परिषदेत जाऊन ‘दप्तरे घ्या, बकऱ्या द्या’ अशी मागणी केली होती.

फिलाडेल्फियाचा अनुभव

असाच प्रश्न अमेरिकेतील कॅथलिक शाळांपुढेही उभा राहिला. १९६० च्या दशकात तेथे या शाळांत ५० लाखांहून अधिक मुले होती. पुढे अत्यल्प मानधनावर शिकविणाऱ्या धर्मभगिनी कमी झाल्या, शुल्क वाढले आणि पट घटला. जानेवारी २०१२ मध्ये फिलाडेल्फिया धर्मप्रांतात ४४ प्राथमिक शाळा बंद अथवा विलीन करण्याची शिफारस झाली. मात्र तेथे अपील करण्याची सोय होती. चोवीस शाळांनी अपील केले. पालकांनी पटाचे आणि खर्चाचे आकडे तपासून मांडले. त्यांपैकी १८ शाळांची अपिले मान्य झाली.

महाराष्ट्रात प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि कायद्यानुसार तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. मात्र शाळा बंद करण्याच्या निर्णयावर नकाराधिकार या समितीला कायद्याने दिलेला नाही. त्यामुळे निर्णयापूर्वी गावाचे म्हणणे कोणी ऐकायचे, हा या वादातील मूळ प्रश्न आहे.