पंच म्हणून सही करण्याआधी

पुण्याच्या मंडईत गाळा असला की गिऱ्हाइकांखेरीज एक हाक कधीतरी येते. "शेठ, दोन मिनिटं या, पंच म्हणून सही हवीय." शेजारच्या बोळातल्या एखाद्या खोलीची झडती चालू असते. अशा वेळी गाळेवाल्याच्या मनात दोन भीती असतात. नाही म्हटलं तर पोलीस आपल्यालाच आत घेतील, आणि हो म्हटलं तर जन्मभर शिवाजीनगर कोर्टाच्या खेपा. दोन्ही अर्धवट खऱ्या.

1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 103 असं आहे: बंद जागेची झडती घेताना त्याच वस्तीतले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, तिथे कोणी मिळेना किंवा तयार होईना, तरच बाहेरचे. सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे, पण लेखी आदेश हातात दिल्यानंतरच. आणि न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय झडतीच्या पंचाला साक्षीला यावं लागत नाही.

पंचाला बोलावतात ते बघायला. वस्तू कोणत्या कप्प्यातून निघाली, किती निघाल्या, पाकिटावर आपल्यासमोर लाखेचं सील लागलं का, हे बघायचं, पंचनामा वाचायचा आणि मग सही. कोऱ्या कागदावर सही मागितली तर सरळ नाही म्हणावं. कोर्टात पंच फितूर झाला की लोक त्याला नावं ठेवतात. पुष्कळदा त्या बिचाऱ्याने सहीपलीकडे काही पाहिलेलंच नसतं. ज्याच्या घराची झडती, त्यालाही हजर राहण्याचा आणि जप्तीच्या यादीची प्रत घेण्याचा हक्क आहे. कलम 105नुसार आता झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. ठेवणीतल्या पंचांवर चालणाऱ्या झडत्यांना यानं थोडा तरी चाप बसावा.

झडतीतला एक कागद किती जड होतो, हे मंडईत ज्यांचा पुतळा आहे त्या टिळकांना ठाऊक होतं. 24 जून 1908ला त्यांना मुंबईत अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी, ते कोठडीत असताना, पुण्यातल्या घराची झडती झाली. तिथे एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं. नव्या स्फोटक कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपली होती, असं टिळकांनी सांगितलं. सरकार पक्षाने ते कार्ड त्यांचा हेतू दाखवायला वापरलं.

आता वॉरंटचं. "वॉरंट दाखवा, मगच हात लावा" हे सिनेमात ठीक. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात (कलम 35), आणि तपासात तातडी असेल तर कारणं लिहून ठेवून वॉरंटशिवाय झडतीही घेऊ शकतात (कलम 185). झडती चुकीच्या पद्धतीने झाली म्हणून पुरावा आपोआप बाद होतो, हाही अमेरिकी मालिकांतून आलेला समज. आपल्याकडे तसं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1973च्या पूरणमल निकालात स्पष्ट आहे.

म्हणजे पोलीस काहीही करू शकतात, असं मात्र नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची, हे लिहावं लागतं. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025मध्ये बजावलं. "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार तर कायद्यात कुठेच नाही, तो निव्वळ ठगांचा धंदा. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर बाईला, किंवा साठीपुढच्या पुरुषाला, पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही (कलम 179). टोपलीमागे बसलेल्या भाजीवाल्या आजींना "चौकीवर या" म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

अटकेची कारणं सांगावी लागतात. ती लेखी, अटक झालेल्याला कळेल त्या भाषेत आणि दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025ला वरळीच्या अपघात प्रकरणात ठरवलं. भाषेचा मुद्दा पुण्याला नवा नाही. मंडईजवळच्या विश्रामबाग ठाण्यात नोंदलेल्या एल्गार परिषद गुन्ह्यात पुणे पोलिसांनी ऑगस्ट 2018मध्ये दिल्लीत गौतम नवलखांना पकडलं. कागदपत्रं बहुतेक मराठीत. ती समजून न घेता दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यांनी पुण्याला नेण्यासाठीचा ट्रान्झिट रिमांड दिलाच कसा, असं विचारत दिल्ली उच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबरला तो रद्द केला. त्याच प्रकरणात 2 फेब्रुवारी 2019च्या पहाटे आनंद तेलतुंबड्यांना मुंबई विमानतळावर अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं चार आठवड्यांचं संरक्षण चालू होतं, म्हणून पुण्याच्या न्यायालयाने अटक बेकायदा ठरवून त्याच दिवशी सोडायला सांगितलं. पण अटक बेकायदा ठरली म्हणून खटला संपत नाही. 2020च्या एप्रिलमध्ये तेलतुंबड्यांना शरण जावं लागलंच.

"शुक्रवारी उचललं की सोमवारपर्यंत आत" हा समज फार चिवट आहे. अटकेनंतर 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं, आणि त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वजा होतो, सुट्टी नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी दंडाधिकारी असतात. आणि मंडईहून शिवाजीनगर कोर्ट मेट्रोने दोन स्टेशनं!

बाईला सूर्यास्तानंतर अटक होतच नाही, हेही तितकंसं खरं नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन करू शकते.

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही; मात्र त्या माहितीवरून चोरीचा माल सापडला तर तेवढा भाग चालतो. चौकशीत वकिलाला भेटता येतं, पण तो पूर्णवेळ शेजारी बसेल असं नाही (कलम 38). वकिलाला पैसे नसतील तर? कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. पहिल्यांदा समोर आणलेल्या आरोपीला हा हक्क दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून सांगायचा असतो. न सांगणं ही कर्तव्यातली कसूर, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं ते 29 ऑगस्ट 2012ला, अजमल कसाबची फाशी कायम करणाऱ्या निकालात.