परगणा चाकण : बाहेरून आलेला कारभार

चाकणमध्ये कंटेनरच्या रांगा लागतात त्या रस्त्यापासून जवळच संग्रामदुर्गाचे उरलेसुरले बुरूज आणि खंदकाच्या खुणा आहेत. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये हा भुईकोट शाएस्तेखानापुढे जवळपास दोन महिने झुंजवला, म्हणून तो लोकांना ठाऊक आहे. मला त्याच्याभोवतीच्या परगण्याचा कारभार तितकाच मोलाचा वाटतो.

त्या कारभाराचा बराच भाग बाहेरून आला. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार चाकणला तळ देऊन कोकणावर उतरला. पुढे निजामशाहीने हा किल्ला मालोजी भोसल्यांकडे सोपवला. सुलतानांनी इराणी वळणाची दप्तरं आणि हुद्दे आणले, पण पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे यांच्यावाचून वसूल होत नव्हता. त्यामुळे वर फारसी फर्मान आणि खाली मराठी हिशेब अशी जोडणी झाली. तिला गावनिहाय जमाबंदीची शिस्त लावली निजामशाहीच्या मलिक अंबरने. तो हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, १६२६ मध्ये वारला.

  

शिवाजी महाराजांनी हे सगळं मोडून टाकलं नाही, आणि मला त्यांची खरी थोरवी इथेच दिसते. हवालदार, सबनीस, सरनोबत हे हुद्दे त्यांनी ठेवले, पण किल्ल्याचा अधिकार तिघांत असा वाटला की एकट्याने फितुरी करून किल्ला देणं अवघड व्हावं. पगार शक्यतो रोख. नवी वतनं देण्याला आळा. बखरकार सभासदाने जमीनमोजणीही नोंदली आहे: काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, १२० बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला, दोन सरकारात. वतनदाराच्या अंदाजावर शेतकऱ्याचं नशीब लटकू नये, यासाठीची ही मोजणी होती.

चिंचवडच्या देव घराण्याची इनामं सुलतानी अमलापासून पेशवाईपर्यंत फर्मानांच्या आणि हिशेबांच्या अशाच कागदांवर टिकली. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशन मराठी मुलखातले हक्क तपासू लागलं, तेव्हा इंग्रजांनाही पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, उघडायला मोडी जाणणारे कारकून बसवावे लागले.