मरणाचं कौतुक, जगण्याची विचारपूस

आजचा विषय जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. स्वतःहून पत्करलेल्या मृत्यूकडे आपला समाज कसा पाहत आला, हे आपल्या कादंबऱ्यांत नीट दिसतं.

आधी शब्द पाहा. ‘आत्महत्या’ म्हटलं की पाप आलं, बदनामी आली. ‘सती’, ‘जलसमाधी’ म्हटलं की हात जोडले जातात. म्हणजे आपण मरणाचीही प्रतवारी लावली. महाराष्ट्रात आणि इथे कर्नाटकात वीरगळ आहेत, तशाच सतीशिळाही आहेत. लोक दोन्हींना सारखंच हळदकुंकू वाहतात. मी फौजी माणूस, मला त्यात फरक दिसतो. सैनिक लढायला जातो, मरायला नव्हे.

१७७२ साली थेऊरला माधवराव पेशवे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले आणि रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) तिथवर पोहोचते, तेव्हा वाचकाचे डोळे भरून येतात. पण त्या भरात एक प्रश्न राहून जातो. रमाबाई मागे राहिल्या असत्या, तर आपण त्यांना कसं जगू दिलं असतं?

या प्रश्नाला हरिभाऊ आपट्यांनी सत्तर वर्षं आधीच हात घातला होता. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली. सतीबंदी होऊन तेव्हा साठ वर्षं झाली होती. त्यातली यमू विधवा होते आणि बळजबरीच्या केशवपनाला सामोरी जाते. कायद्यानं तिचा जीव वाचवला, जगणं मात्र घरच्यांच्या हाती राहिलं. सतीची शिळा उभारणाऱ्या समाजानं यमूची साधी विचारपूस केली नाही.

आज कायदा पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. आता घरांनी पुढे जायचं आहे. जीव नकोसा झालेल्या माणसाला स्पष्ट विचारा, “मरावंसं वाटतंय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. मग उपदेश न करता ऐका, त्याला एकटं सोडू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. या सेवेचं राष्ट्रीय केंद्र आमच्या बंगळुरूतच, निमहान्समध्ये आहे.

हरिभाऊंनी शीर्षकातच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरातून यायला हवं: आम्ही घेतो.