मार्गनाम आणि व्यक्तिनाम : माजिवडा नाक्यावरून एक विचार

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर मिळणाऱ्या रस्त्यांची लोकांच्या तोंडची नावे गंतव्यदर्शक आहेत : घोडबंदर रोड, नाशिक हायवे. रस्ता जेथे जातो तेथले नाव त्याने धारण करावे, ही मार्गनामांची जुनी रीत होय. स्मारकनामात मात्र नाव आणि वाट यांचा संबंध केवळ संकेताने जोडलेला असतो व भाषिक व्यवहार तो पाळतोच असे नाही. शीवहून ठाण्याकडे येणाऱ्या जुन्या आग्रा रोडला लालबहादूर शास्त्रींचे नाव दिले गेले. बोलण्यात उरली ती ‘एलबीएस’ ही आद्याक्षरे. ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग’ हा ७०१ किलोमीटरचा मार्ग २०२५ साली याच जिल्ह्यातील आमणे येथपर्यंत पूर्ण झाला; लोक त्यास नुसते ‘समृद्धी’ म्हणतात. व्यक्ती गळते, भाववाचक नाम उरते.

कॅनडाच्या गवताळ मैदानातील ‘पाउंडमेकर ट्रेल’ हे उदाहरण याहून बोधक आहे. क्री जमातीच्या या नायकास १८८५ च्या उठावानंतर राजद्रोहाची शिक्षा झाली. १८८६ मध्ये तो वारला व २०१९ मध्ये तेथील सरकारने त्यास दोषमुक्त ठरविले. परंतु मार्गाला मिळाले ते त्याचे नाव नव्हे, नावाचे इंग्रजी भाषांतर. ‘पाउंड’ म्हणजे रानगवे कोंडण्याचे कुंपण. पीहतोकहानापिवियिन हा मूळ क्री शब्द त्यामागे दडून गेला. मनुष्याचा गौरव झाला, त्याच्या भाषेचा झाला नाही.

आपल्याकडे राघोजी भांगरे यांचा विचार करावा. अकोले तालुक्यातील देवगावचे हे महादेव कोळी नायक इंग्रज सत्तेविरुद्ध उठले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. माजिवड्याहून निघणारा नाशिकचा रस्ता कसारा घाट चढून महादेव कोळ्यांच्याच मुलखात शिरतो. अशा मार्गाला त्यांचे नाव द्यावयाचे झाल्यास भाषांतराचे भय नाही. भय आहे ते उपाधींचे. ‘आद्य क्रांतिवीर’ पासून ‘राष्ट्रीय महामार्ग’ पर्यंत लांबलेल्या नावाची आद्याक्षरे व्हावयास वेळ लागणार नाही. (समित्यांना उपाधींचा मोह आवरत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.) गोरेगावच्या आरे वसाहतीतील ‘बिरसा मुंडा चौक’ हे नाव आखूड आहे, म्हणून ते सबंध उच्चारले जाते. ‘राघोजी मार्ग’ इतकेच नाव पुरेसे व्हावे. त्यातील ‘जी’ हा प्रत्ययच आदरार्थी आहे. वेगळी उपाधी जोडण्याचे कारण उरत नाही.