पेशीच्या तिजोरीचा पहारेकरी

बँकेच्या नोकरीत मी स्ट्राँगरूमची किल्ली कितीतरी वर्षे सांभाळली. पण ती खोली एकट्याने कधीच उघडली नाही. उघडता येतच नसे. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी माझ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार हलायचे नाही.

निवृत्तीनंतर सौ.च्या बोटांचे सांधे सुजू लागले. संधिवाताचे निदान झाले, डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन लिहून दिले. ‘‘एवढीशी गोळी आत जाऊन करते तरी काय हो?’’ तिने विचारले. उत्तर द्यायचे म्हणून वाचायला बसलो आणि माझी स्ट्राँगरूम मला पुन्हा भेटली.

पेशीची स्ट्राँगरूम म्हणजे तिचे केंद्रक. जनुकांचे सारे दप्तर तिथे. केंद्रकाच्या आवरणाला सूक्ष्म रंध्रे असतात. लहान रेणू त्यांतून सहज ये-जा करतात. मोठ्या प्रथिनांना मात्र परवाना लागतो. तो प्रथिनाच्या अंगावरच, अमिनो आम्लांच्या छोट्याशा ओळीत लिहिलेला असतो. इम्पोर्टिन नावाची वाहक प्रथिने तो ओळखतात आणि त्याला आत नेतात.

१९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन शोधले. जंतूंचा हल्ला झाला की दाह निर्माण करणाऱ्या जनुकांना जागे करणारा हा निरोप्या. पण बहुतेक पेशींत एरवी तो केंद्रकाबाहेरच बसून असतो. १९८८ साली बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांनी त्याला अडवणारे प्रथिन दाखवून दिले : आय-कप्पा-बी. हा पहारेकरी निरोप्याला बिलगून बसतो आणि परवान्याची ओळच झाकून टाकतो.

धोक्याची वर्दी आली, की एक एन्झाइम पहारेकऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारते. शिक्का पाहून त्याला युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवली जाते आणि प्रोटिआसोम नावाचे यंत्र त्याचे तुकडे करते. काही मिनिटांत निरोप्या मोकळा होऊन आत जातो.

मला भावले ते पुढचे. आत जाऊन तो जी जनुके जागी करतो, त्यांत खुद्द आय-कप्पा-बीचेही जनुक असते! नवा पहारेकरी घडतो, केंद्रकात शिरतो आणि निरोप्याला डीएनएवरून सोडवून बाहेर आणतो. दार उघडणाऱ्यानेच ते बंद करण्याची तजवीज करून ठेवायची, एवढी शिस्त आमच्या शाखेतही नव्हती.

संधिवातात मात्र शरीर स्वतःच्याच सांध्यांविरुद्ध वर्दी देत राहते. निरोप्या पुन:पुन्हा आत जातो, सूज हटत नाही.

आणि गोळी? तिचीही कथा याच घराण्यातली. स्टेरॉइड ओळखणारे प्रथिन एचएसपी-९० वगैरे सोबत्यांसह केंद्रकाबाहेर थांबलेले असते. गोळीचा रेणू त्याला जोडला गेला की ते आत जाते आणि एनएफ-कप्पा-बीच्या कामाला लगाम घालते.

‘‘मग त्या मेल्याला कायमचंच कोंडून का नाही ठेवत?’’ सौ.चा प्रश्न रास्त होता. पण उद्या न्यूमोनिया झाला, तर धावून येणाराही तोच. म्हणून तर जास्त स्टेरॉइड घेणाऱ्याला जंतुसंसर्ग लवकर गाठतो. शिवाय साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

हे ऐकून, आणि जरा बरे वाटू लागल्यामुळे, तिने गोळ्या परस्पर बंद करायचे ठरवले. मी घाबरून डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, बरेच दिवस गोळी घेतली की शरीरातल्या ज्या ग्रंथी स्वतः स्टेरॉइड बनवतात, त्या सुस्तावतात. एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. मात्रा पायरीपायरीनेच उतरवायची.

आता आमच्या घरी गोळ्यांचा डबाही दुहेरी ताब्यात आहे. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी सौ.कडे. मी निवृत्त माणूस. नुसती नोंद ठेवतो.