तांदूळ किती पांढरा असावा?

गोंदियाला लोक तांदळाचे शहर म्हणतात. पण आपल्या ताटातला भात इतका पांढरा का, हे या शहरात फारसे कोणी विचारीत नाही. आम्ही हमाल-कामगारांत वावरणारी माणसे. गिरणीच्या आत जे दिसते, त्यावरून या प्रश्नाचा थोडा विचार करू.

धान गिरणीत गेले की प्रथम तूस निघते. शंभर किलोंत सुमारे वीस किलो. आत राहतो तो तांबूस दाणा. त्यावरचा कोंडा घासून काढला की तांदूळ पांढरा होतो. गिऱ्हाईक जितका शुभ्र माल मागेल, तितके यंत्र अधिक घासणार. वीज अधिक लागणार, दाणे तुटून कणी अधिक पडणार, आणि कोंड्याबरोबर जीवनसत्त्वही जाणार. १८९० च्या सुमारास जावा बेटात आइकमान या डच डॉक्टरांनी पाहिले, की पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. या कामासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मग गिऱ्हाईक मूर्ख म्हणावे काय? नव्हे. कोंड्यात तेल असते, ते खवट होते. म्हणून कोंड्यासकट तांदूळ फार दिवस टिकत नाही. शिजायलाही जळण जास्त लागते. ही अडचण खरी आहे. शुभ्रपणाची हौस मात्र गरज नव्हे, ती सवय होय.

उकडा तांदूळ हा एक मधला मार्ग. धान भिजवून वाफवले की जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात मुरते, आणि दाणा कमी तुटतो. पण त्यासाठी बॉयलरात तूस जाळावे लागते, सांडपाणीही निघते. जळलेल्या तुसाचा सुमारे पाचवा भाग राख उरते. ती उघड्यावर टाकली तर वाऱ्याबरोबर वस्तीत येते. त्याआधी ती उचलणाऱ्या मजुराच्या छातीत जाते. ओली करून, झाकून नेण्याचा खर्च मालाच्या किमतीतच धरला पाहिजे.

दुसरा मार्ग सोपा आहे : कमी घासावे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला तो याचसाठी. आज उखळाकडे परत जाणे नको. यंत्र थोडे आधी थांबवले तरी पुरे.

आमच्या घरीही पाहुणा आला की शुभ्र भातच वाढला जातो, हे कबूल केले पाहिजे. गिऱ्हाईक मागते म्हणून गिरणी घासते, आणि गिरणी घासते म्हणून गिऱ्हाइकाला तीच सवय लागते. ही साखळी आपल्या हातच्या पिशवीपासून तोडता येईल.